सोलापुरात समाजकल्याणाचं काम कोणी कोणाला शिकवलं?

सोलापुरात पत्ता सांगताना आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी नंबर अमुक' असं सहज म्हटलं जातं. बाहेरगावच्या माणसाला ती एखादी गृहनिर्माण संस्था वाटते. या नावामागे तारेचं कुंपण आहे. 1871 साली आलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा आधार घेऊन कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची कुटुंबं इथे डांबली गेली. त्यांतली माणसं गिरणीत कामाला धाडायची आणि ठरल्या वेळी त्यांची हजेरी घ्यायची, असा शिरस्ता होता. सरकारी पगारावर 'सुधारणे'चं काम करणारी पहिली फळी इथलीच. तिचं शिक्षण म्हणजे वही, शिट्टी आणि वरून आलेला हुकूम.

मुंबई इलाख्यातल्या या वसाहतींवर स्टार्ट नावाचे इंग्रज अधिकारी होते. 1928 साली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच. डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते. समितीच्या 1930च्या अहवालातून मागासवर्गीयांसाठी वेगळं खातं निघालं आणि त्याचीही सूत्रं स्टार्ट यांच्याकडेच आली. आजच्या समाजकल्याण खात्याची मुळं या खात्यात आहेत. वसतिगृहं, शिष्यवृत्त्या ही त्याची चांगली बाजू. पण नोंदवही चोख म्हणजे काम चोख, हा समज मला त्याच घराण्यातला वाटतो. गुन्हेगार जमाती कायदा देशभरात 1952च्या 31 ऑगस्टला रद्द झाला. सवय तितक्या लवकर गेली नाही.

रीतसर शिक्षणाची सुरुवात दूर मुंबईत झाली. 1936 साली दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. 1948च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. सोलापूर तर गिरण्यांचंच गाव. पण साठच्या दशकात जुनी गिरणी बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णूही गेली. गिरणीबरोबर ते पद गेलं, आणि कुठल्या चाळीत कोणाचं घर कर्जात बुडालंय हे तोंडपाठ असलेली माणसंही घरी बसली. त्यांच्याकडून कोणी काही लिहून घेतलं नाही.

बायकांच्या हाती विड्या वळणं राहिलं. विडी कामगारांसाठी 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला. कार्ड काढणं, दवाखान्याचा कागद, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज या गोष्टी युनियनच्या कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे बघून शिकल्या. आणि तेही तेलुगूत! शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात नुसत्या मराठीवर काम भागत नाही. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडे कन्नड लागतं. प्रशिक्षणाची पुस्तिका मात्र पुण्या-मुंबईहून, एकाच भाषेत येत राहिली.

शिकण्या-शिकवण्याची खरी उलथापालथ शेजारच्या जिल्ह्यांत झाली. टाटा संस्थेचं ग्रामीण केंद्र 1986 साली तुळजापुरात आलं, सोलापूरपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर. मग 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. घर कसं बांधायचं, अनुदानाचा हप्ता कशावर अडतो, इंजिनियरला काय विचारायचं, हे त्या गावाला समजावून सांगत. 2001 साली कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशाच बायका गुजरातेत जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. आपल्या भागातल्या साध्या बाईला दुसऱ्या राज्यात शिकवायला बोलावलं गेलं, ही गोष्ट आमच्याकडच्या कार्यशाळांमध्ये फारशी सांगितली जात नाही.

अंगणवाडीची योजना 1975ची. सुरुवातीचं प्रशिक्षण एकदाच, सलग, घर सोडून घ्यायचं. तान्हं मूल असलेल्या सेविकेला ते किती जड जात असेल, ते वेगळं सांगायला नको. 2018ला पोषण अभियान आलं आणि धडे 21 तुकड्यांत विभागले गेले. दर महिन्याच्या बैठकीत एकेक विषय घ्यायचा, लगेच गृहभेटीत वापरायचा. पद्धत शहाणपणाची आहे. पण मराठीत ऐकलेला धडा पूर्व भागातल्या सेविकेला दारात पोचेपर्यंत मनातल्या मनात तेलुगूत करावा लागतो. 'वरचा आहार', म्हणजे बाळाला आईच्या दुधाबरोबर द्यायचं खाणं, याला तिथली सासू काय म्हणते, हे त्या 21 धड्यांत नाही. ते तिला आधीच्या सेविकेनंच सांगितलेलं असतं.