नदीत सोडलेली मुलं आणि माणसाचं मन

कुंतीनं कर्णाला नदीत सोडलं हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. ती पेटी कशी होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. महाभारताच्या वनपर्वात तिचं वर्णन आहे: आत सगळीकडून नीट अंथरलेली, गुळगुळीत, मेण लावून पाणी बंद केलेली, घट्ट झाकणाची. अश्वनदीतून चर्मण्वती, तिथून यमुना, मग गंगा असा प्रवास करत ती चंपा नगरीशी अधिरथाच्या हाती लागते.

मोझेसच्या कथेत आई लव्हाळ्याची टोपली घेते आणि तिला डांबर नि राळ फासते. मेसोपोटेमियातल्या अक्कादचा राजा सारगॉन याच्या दंतकथेतही तशीच टोपली आहे. तिचं झाकण डांबरानं बंद केलेलं, आणि नदी युफ्रेटिस. ते मूल अक्की नावाच्या पाणक्याला सापडतं. गंगा, नाईल आणि युफ्रेटिस यांच्या काठचे कथेकरी एकमेकांपासून इतके दूर, तरी तिघंही पाणी आत शिरू नये म्हणून काय केलं ते सांगायला थांबतात. टाकून देणाऱ्या आईला मूल जगायला हवं आहे, हे सगळं त्या मेणात आणि डांबरात आलं. मला या कथांचा हा भाग सर्वांत जास्त हलवतो.

या साम्यानं पछाडलेला एक माणूस म्हणजे व्हिएन्नाचा ऑटो रँक. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या मंडळातला हा तरुण. १९०९ मध्ये त्यानं वीरांच्या जन्मकथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. त्यात सारगॉन, मोझेस, ईडिपस, रोम्युलस यांच्यासोबत आपला कर्णही होता. रँकला त्यांतून एक साचा दिसला. आईबाप थोर कुळातले, जन्माभोवती संकट किंवा भाकीत, मूल पाण्यात सोडलं जातं, प्राणी किंवा साधी माणसं ते वाढवतात, मोठेपणी खरं कूळ कळतं आणि मान मिळतो.

आता कर्ण या साच्यात घालून बघा. उद्योगपर्वात आधी कृष्ण आणि मग कुंती त्याला त्याचं जन्मरहस्य सांगतात. साच्याप्रमाणे त्यानं पांडवांकडे जाऊन थोरलेपणाचं राज्य घ्यायला हवं. तो नाही म्हणतो. राधेनं वाढवलं, दुर्योधनानं मान दिला, आता बाजू बदलणार नाही, असं सांगून तो मरणाकडे चालत जातो. मराठी वाचकाचा जीव कर्णात गुंतला आहे तो त्याच्या या नकारामुळे. साचा मनात तयार असतो, त्यामुळे पुढं काय व्हायला हवं हे श्रोत्याला आधीच वाटत असतं, आणि ते घडलं नाही की कथा काळजात रुतते. आदिबंधाचा (आर्किटाइपचा), म्हणजे मनात आधीच रुजलेल्या अशा साच्याचा, कथेतला खरा उपयोग मला इथं दिसतो.

आदिबंधाची कल्पना मानसशास्त्रात रुजवली ती स्वित्झर्लंडच्या कार्ल गुस्ताव युंगनं (१८७५–१९६१). झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात तो डॉक्टर होता. तिथला एक रुग्ण सूर्याकडे बघायला सांगे. सूर्याला एक शिश्न आहे, ते हललं की वारा सुटतो, असं त्याचं म्हणणं. पुढं १९१० मध्ये युंगच्या हाती मिथ्र देवतेच्या उपासनेवरचा एक प्राचीन ग्रीक मजकूर आला, आणि त्यात सूर्याला लोंबणारी, वारा सोडणारी नळी होती! फारसं न शिकलेल्या, वर्षानुवर्षं रुग्णालयात राहिलेल्या माणसाला हे सुचलं कसं? युंगचं उत्तर असं होतं की प्रत्येकाच्या खासगी नेणिवेखाली, म्हणजे मनाच्या आपल्याला न जाणवणाऱ्या भागाखाली, मानवजातीची एक सामूहिक नेणीव असते. तिथं माता, वृद्ध ज्ञानी, छाया (स्वतःची नाकारलेली बाजू), वीर असे आदिबंध असतात, आणि स्वप्नांतून, भ्रमांतून, पुराणकथांतून तेच वर येतात.

कथा जबरदस्त आहे, पण पुरावा म्हणून कच्ची. तो ग्रीक मजकूर भाषांतरासह १९०३ मध्येच छापून झाला होता. युंगनं पाहिली होती ती दुसरी आवृत्ती. सूर्यपूजा, गूढविद्या यांबद्दलची लोकप्रिय पुस्तकं तेव्हा युरोपात बरीच खपत होती. शिवाय हे बोलणं नोंदवणारा मुख्यतः युंगच्या हाताखालचा एक तरुण डॉक्टर होता. रुग्णाच्या कानावर यातलं काहीच कधी पडलं नसेल, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

टीका झाल्यावर युंगनं आपलं म्हणणं जास्त नेमकं केलं. तयार चित्रं वारशानं मिळत नाहीत, मिळते ती फक्त आकार घेण्याची क्षमता, असं तो म्हणू लागला. त्यासाठी त्यानं स्फटिकाचा दाखला दिला. द्रावणात स्फटिक आधीपासून नसतो, पण तो कोणत्या अक्षांवर वाढेल हे ठरलेलं असतं. आदिबंध सिद्धांताचं हे रूप आजच्या विज्ञानाला तपासता येण्याजोगं आहे, आणि एका अंगानं ते तपासलंही गेलं आहे.

सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी १९८० च्या दशकात रीसस माकडांवर केलेले प्रयोग पाहा. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला घाबरत नाहीत. म्हणजे सापाची भीती जन्मजात तयार नसते. पण जंगलात वाढलेलं माकड सापाला बघून घाबरताना दिसलं, की ती चटकन घाबरायला शिकतात. मग संशोधकांनी व्हिडिओत बदल केला. घाबरणारं माकड तेच, त्याचं घाबरणं तेच, फक्त समोरचा साप काढून तिथं फुलं दाखवली. ही चित्रफीत पाहणारी माकडं फुलांना घाबरायला शिकली नाहीत. खेळण्यातली मगर आणि खेळण्यातला ससा घेतला तेव्हाही तसंच झालं: मगरीची भीती बसली, सशाची नाही.

मनात साप नव्हता, साप पटकन शिकण्याचा कल होता. सर्परूपी राक्षस इतक्या संस्कृतींत का आढळतो, याचं निदान अर्धं उत्तर इथं मिळतं. आई, परका, फसवणूक करणारा सोबती, वयात येणं, मृत्यू यांच्याशी प्रत्येक माणसाची गाठ पडतेच. आयुष्यात जितके नमुनेदार प्रसंग तितके आदिबंध, असं युंगही मानायचा. इंटरनेटवर फिरणारा ‘तुमचा आर्किटाइप ओळखा’ हा बारा कप्प्यांचा तक्ता मात्र त्याचा नाही.

उरलेलं अर्धं उत्तर कथेच्या प्रवासात आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची कथा वाचायला दिली आणि ती आठवून लिहायला लावली. कथेतल्या डोंग्यांच्या होड्या झाल्या, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, न पटणारी भुतं गळून गेली. कथा शेकडो तोंडांतून गेली की अनोळखी कोपरे झिजतात आणि ऐकणाऱ्याला ओळखीचं वाटतं तेवढं उरतं. व्यापारी, सैनिक, बैरागी यांच्यासोबत कथा गावोगाव गेल्या हेही आहेच. त्यात राजकारणही मिसळतं. राजघराण्यात न जन्मलेल्या सत्ताधीशाला पाण्यातून वाहत आलेलं बालपण फार सोयीचं पडतं. सारगॉनची दंतकथा आपल्याला मिळते ती त्याच्यानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी लिहिलेल्या मातीच्या पाट्यांवर, हे इथं लक्षात घ्यायला हवं.

१९४९ मध्ये अमेरिकेच्या जोसेफ कॅम्बेलनं वीराचा एकच विश्वव्यापी प्रवास मांडला: हाक येते, तो घर सोडतो, परीक्षा देतो, काहीतरी मिळवून परततो. पटकथा लिहायला शिकवणाऱ्या वर्गांत आजही तो आराखडा सांगतात. मला त्याबद्दल शंका आहे ती नमुन्याच्या निवडीमुळे. रँक, युंग, कॅम्बेल यांच्यापुढं होत्या त्या बहुतेक लेखनिकांनी आणि पुरोहितांनी टिपून ठेवलेल्या कथा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत रामायण येतं, पण कथेचा मध्य सरकलेला असतो. दळणाऱ्या बाया थांबतात त्या सीतेच्या वनवासापाशी, आणि तिची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन येतात. या सीतेला हाक आलेली नाही, तिला घालवून दिलं आहे, आणि परतून मिळवायचं राज्यही नाही. सबंध मानवजातीच्या मनाबद्दल काही म्हणायचं असेल तर या ओव्याही हिशेबात धराव्या लागतील, आणि त्या धरल्या की वीराच्या त्या एकमेव प्रवासाला ‘विश्वव्यापी’ म्हणणं मला कठीण वाटतं.