एकाच बॅकएंडवर अनेक ऑनलाइन दुकानं

एकच बॅकएंड, म्हणजे सर्व्हरवर पडद्यामागे चालणारा भाग, एकच वेब ॲप, एकच कोड आणि बऱ्याचदा एकच डेटाबेस वापरून अनेक वेगवेगळी ऑनलाइन दुकानं चालवायची पद्धत. डेव्हलपर याला मल्टी-टेनंट म्हणतात, आणि टेनंट म्हणजे भाडेकरूच, वाडा एक, पाणी-वीज एक, पण प्रत्येक खोलीला स्वतःचं कुलूप. गिऱ्हाइकाला यातलं काही कळायला नको, आंबेवाल्याच्या साइटवर गेलेल्या माणसाला ते त्याचं एकट्याचं दुकान वाटलं पाहिजे.

कल्पना जुनी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस यांनी वायावेब सुरू केलं, दुकानदार ब्राउझरमधून दुकान उभं करायचा आणि सॉफ्टवेअर वायावेबच्या सर्व्हरवर चालायचं, १९९८ ला याहूने ते विकत घेतलं आणि त्याचं याहू स्टोअर झालं. २००६ मध्ये कॅनडातून शॉपिफाय आलं. २००८ च्या मॅजेंटोमध्येही एका ॲडमिनवरून अनेक दुकानं चालतात, पण तिथे मालक सहसा एकच असतो. मालक वेगवेगळे असले की प्रकरण जास्त नाजूक होतं, कारण एकाची ऑर्डर दुसऱ्याला दिसली की विश्वासच संपला.

सगळं एका प्रश्नावर उभं असतं, आलेली रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली मागणी, कुठल्या दुकानाची? उत्तर होस्ट हेडरमध्ये असतं, म्हणजे ब्राउझर कुठलं डोमेन मागतोय ते. ॲप ते डोमेन टेबलात शोधतं, दुकानाचा आयडी काढतं आणि तिथून पुढे प्रत्येक गोष्टीला तो आयडी चिकटलेला पाहिजे. ऑर्डर, प्रॉडक्ट, कूपन, ग्राहक, सगळ्या टेबलांत दुकान-आयडीचा कॉलम. ईमेल युनिक ठेवायचा तर तो दुकान-आयडीसोबत मिळून, नाहीतर एका दुकानात खातं असलेल्या बाईंना दुसऱ्या दुकानात "हा ईमेल आधीच वापरात आहे" असं दिसेल आणि त्या बुचकळ्यात पडतील.

एखाद्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, "फक्त याच दुकान-आयडीच्या ओळी" ही अट लिहायची राहिली तर? राहतेच कधीतरी, म्हणून नुसत्या शिस्तीवर विसंबणं मला पटत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, रो-लेव्हल सिक्युरिटी आहे, डेटाबेस स्वतःच दुसऱ्या दुकानाच्या ओळी लपवतो. पण टेबलाचा मालक असलेल्या डेटाबेस-युजरला हा नियम आपोआप लागू होत नाही, त्यामुळे ॲपसाठी वेगळा युजर ठेवायचा, आणि कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरलेल्या जोडण्यांमध्ये, आधीच्या रिक्वेस्टचा दुकान-आयडी तसाच राहू नये म्हणून तो त्या ट्रान्झॅक्शनपुरताच, म्हणजे डेटाबेसमधल्या तेवढ्या एका व्यवहारापुरताच, सेट करायचा.

डेटाबेस सांभाळला तरी कॅशमध्ये, म्हणजे पटकन मिळावी म्हणून माहितीची प्रत ठेवतात तिथे, घोळ होतो. तिथली की (key), म्हणजे प्रत शोधायचं नाव, नुसती "प्रॉडक्ट ४२" अशी ठेवली आणि प्रत्येक दुकानाचे प्रॉडक्ट नंबर एकपासून सुरू होत असले, तर पैठणीच्या पानावर हापूसच्या पेटीची किंमत येईल. कीची सुरुवातच दुकान-आयडीने करावी. बॅकग्राउंड जॉबचंही, म्हणजे मागे आपोआप चालणाऱ्या कामाचंही, तेच, रात्री दोनला ईमेल पाठवणाऱ्या जॉबजवळ होस्ट हेडर नसतो, म्हणून आयडी जॉबसोबतच द्यावा लागतो.

भारतात बिलाचा मुद्दा वेगळा आणि महत्त्वाचा आहे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे इन्व्हॉइस नंबर क्रमाने चालणारा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला हवा, आणि प्रत्येक दुकानाचा जीएसटी नंबर वेगळा. सगळ्यांना मिळून एकच ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे डेटाबेसने आपोआप एकेक वाढवलेला नंबर, वापरला तर एकाचं बिल १०१ आणि त्याचंच पुढचं १०७ होतं, मधले पाच दुसऱ्यांकडे गेलेले, मग सीए विचारणार की मधली बिलं कुठायत. म्हणून दुकानागणिक काउंटरची वेगळी ओळ ठेवायची, बिल बनवताना ती लॉक करून एक वाढवायची, आणि एप्रिलमध्ये नवी सिरीज.

एकाने सेल लावला की बाकीची दुकानं हळू होतात, म्हणून प्रत्येकावर रिक्वेस्टची मर्यादा घालतात. पसारा फार वाढला की दुकानांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळा डेटाबेस देतात, शॉपिफाय अशा गटाला पॉड म्हणतं.

बॅकअपचा विचार मात्र सगळ्यात शेवटी होतो. एका दुकानदाराने चुकून सगळा कॅटलॉग उडवला तर अख्खा डेटाबेस कालच्या तारखेला नेता येत नाही, बाकीच्यांच्या आजच्या ऑर्डर जातील. कालचा बॅकअप बाजूला दुसऱ्या सर्व्हरवर उघडायचा, तेवढ्या एका आयडीच्या ओळी काढायच्या आणि त्या परत भरायच्या, त्याची स्क्रिप्ट आधीच लिहून, चालवून पाहिलेली पाहिजे.