ओझ्याच्या सायकलला हलका गिअर : क्रँकसेटची पार्श्वभूमी

कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ ३७ फुटांना एक फूट. आजही बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात आणि इगतपुरीला ती सुटतात. शेजारच्या मुंबई-आग्रा रस्त्याचा चढ रुळांपेक्षा जास्त, आणि तिथे सायकलवाल्याच्या मागे कोणी लागत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते : पायाच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जावी हे आधीच, घरी असतानाच, ठरवून ठेवणं. क्रँकसेट (पॅडलचे दांडे आणि त्यांना जोडलेल्या दात्यांच्या चकत्या) निवडणं म्हणजे एवढंच, आणि त्याचा इतिहास मात्र सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

नाशकात कोणता क्रँकसेट घ्यावा हा प्रश्न गेल्या दहाएक वर्षांत जोरात विचारला जाऊ लागला. २०१५ मध्ये हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या गटात रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. पंढरपूरच्या सायकल वारीला जाणारेही वाढले. शहरात चांगल्या सायकली दिसू लागल्या, पण त्यातल्या बहुतेक शर्यतीच्या घराण्यातल्या : पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (क्रँकवरच्या चकत्या), मागे सर्वांत मोठी चकती २८ किंवा ३० दात्यांची. रविवारी सकाळी त्र्यंबकेश्वरला जाऊन यायला ही जोडणी उत्तम. त्याच सायकलला तंबू, स्टोव्ह आणि कपड्यांच्या बॅगा बांधून भंडारदरा किंवा सापुताऱ्याकडे निघालं, की गुडघे हिशोब मागतात.

हिशोब एकदा करूनच टाकू. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा, चढ सात टक्के. ३४ची चेनरिंग आणि मागे २८, अशा गिअरमध्ये मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि तो राखायला साधारण २०० वॅट ताकद लागते. सराव असलेला हौशी माणूस तासभर १५० वॅट देईल, २०० देताना त्याची दमछाक होईल. मग तो फेरे कमी करतो, उभा राहून पॅडल दाबतो, आणि भार थेट गुडघ्यावर जातो. पुढे २२ आणि मागे ३४ असेल तर त्याच ६० फेऱ्यांना वेग ताशी पाच किलोमीटर, ताकद शंभर वॅटच्या जरा वर. चालण्याइतकाच वेग खरा, पण माणूस सायकलवर असतो आणि संध्याकाळी स्वयंपाक करण्याइतका त्राण शिल्लक असतो. याहून हलका गिअर घेऊन फारसा उपयोग नाही, कारण त्यापुढे सायकलचा तोलच राहत नाही.

गिअर किती हलका किंवा जड हे ज्या मापात मोजतात ते इंचाचं माप सायकलला चेन लागण्याच्या आधीचं आहे. जुन्या उंच चाकाच्या सायकलला पॅडल थेट पुढच्या चाकालाच असे. चाक जितकं मोठं तितका गिअर जड, आणि स्वाराच्या पायाच्या लांबीवर त्याची मर्यादा. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल आली, चेनने मागचं चाक फिरू लागलं आणि गिअर एकट्या चाकाच्या आकारावर अवलंबून राहिला नाही. माप मात्र तेच राहिलं. चाकाचा व्यास गुणिले पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे उंच चाकाच्या हिशोबात तुमचं चाक किती इंची झालं असतं ते.

आपल्या घरोघरच्या काळ्या सायकलीला हे माप लावून बघा. २८ इंची चाक, पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील, मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील : उत्तर सुमारे ६८ इंच. वरची ३४-२८ची जोडणी, चाक २७ इंची धरून, साधारण ३३ इंच, २२-३४ची साडेसतरा. म्हणजे अ‍ॅटलास-हिरोवर दुधाच्या किटल्या लावून गावाबाहेरचा चढ चढणारा माणूस आजच्या टुरिंगवाल्याच्या (सामान घेऊन हिंडणाऱ्याच्या) जवळजवळ चौपट जड गिअर ओढत होता. तो ओढत नव्हताच म्हणा. चढ आला की उतरून सायकल हाताने ढकलायची, ही त्या काळची रीतच होती आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. इंग्लंडात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (मागच्या चाकाच्या मध्यातच गिअर बसवलेला) विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आला होता. त्यातला हलका गिअर मधल्यापेक्षा २५ टक्क्यांनी कमी, म्हणजे ६८चा ५१. शहरातल्या उड्डाणपुलाला पुरेल, सप्तशृंगीच्या गडाला नाही.

खरी लढाई झाली फ्रान्समध्ये. सेंट-एतिएन या डोंगराळ, कारखान्यांच्या गावात पॉल द विवी नावाचा गृहस्थ राहत असे. वेलोसियो या टोपणनावाने तो लिही आणि ल सिक्लिस्त हे मासिक चालवी. त्याचं म्हणणं साधं होतं : रस्ता बदलतो, मग गिअर का बदलू नये? सुरुवातीला त्याने पुढे दोन चेनव्हील बसवली आणि चेन हाताने एकावरून दुसऱ्यावर टाकायचा. आज हे ऐकून हसू येतं, पण दोन चेनरिंगच्या क्रँकसेटचा उगम तिथेच कुठेतरी आहे. गंमत अशी, की गावाबाहेरच्या ज्या रेप्युब्लिक घाटावर तो आपले प्रयोग करी, त्याच घाटावरून १९०३ मध्ये पहिली टूर द फ्रान्स गेली, आणि त्या शर्यतीचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज यांनी बदलत्या गिअरला दारातच उभं केलं नाही. शर्यत माणसांची, यंत्रांची नव्हे, असा त्यांचा बाणा. डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) टूरमध्ये परवानगी मिळाली ती १९३७ साली. तोपर्यंत शर्यतवीर घाटाच्या पायथ्याला उतरत, मागचं चाक काढून उलटं बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर चेन चढवून पुढे जात.

मला या इतिहासात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हलका गिअर शर्यतीत जन्मलेला नाही. तो सामान घेऊन हिंडणाऱ्यांनी, मध्यमवयीन माणसांनी, जोडप्यांनी मागून घेतला. शर्यतवाल्यांनी तो नंतर, आणि तोही त्यांच्या गरजेपुरता घेतला. पुढे कारखाने शर्यतीकडे बघून माल काढू लागले आणि हिंडणाऱ्यांना पुन्हा मागत फिरावं लागलं.

क्रँकसेटच्या घडणीत हे स्पष्ट दिसतं. १९३३ मध्ये सेंट-एतिएनच्याच स्ट्राँगलाइट कंपनीने कॉटर पिनशिवायचा (क्रँक दांड्याला पक्का करणाऱ्या ठोकायच्या खिळीशिवायचा) अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक आणला. (आपल्याकडे कॉटर ठोकून क्रँक बसवायची पद्धत त्यानंतर कित्येक दशकं टिकली. घाटात ढिली झालेली कॉटर पिन दगडाने ठोकलेले लोक अजून भेटतात.) टीए या फ्रेंच कंपनीच्या सिक्लोतुरिस्त क्रँकला तर टुरिंगवाल्यांनी डोक्यावर घेतलं. कारण चेनरिंग जिथे बोल्टने जोडतात ते वर्तुळ अगदी लहान होतं, त्यामुळे २६ दात्यांपर्यंत कोणतीही चेनरिंग बसे. याउलट इटलीच्या काम्पान्योलोच्या शर्यतीच्या क्रँकवर हे वर्तुळ आधी १५१ मिलिमीटर, नंतर १४४. पहिल्यावर ४४ दात्यांपेक्षा आणि दुसऱ्यावर ४१ दात्यांपेक्षा लहान चेनरिंग बसूच शकत नाही. जगातला सर्वांत देखणा क्रँकसेट, पण कसाऱ्याला निरुपयोगी.

क्रँकसेट घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न म्हणूनच या वर्तुळाचा विचारावा. १३० मिलिमीटरवर ३८ दाते ही शेवटची पायरी, ११०वर ३४ किंवा फार तर ३३, आणि तीन चेनरिंगच्या क्रँकवर आतलं वर्तुळ ७४ असेल तर २४ दाते, ६४ असेल तर २२. क्रँक चकचकीत आहे की नाही, पोकळ आहे की भरीव, याने घाटात काडीचा फरक पडत नाही. या आकड्याने पडतो.

टुरिंगवाल्यांना दुसरी मोठी मदत अनपेक्षित ठिकाणाहून झाली. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवत होती. खाली पळवायला आधी वर न्यावी लागते, म्हणून त्यांनी फ्रेंच टुरिंगचे तीन चेनरिंगचे क्रँक लावले. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी बांधलेल्या सायकलींवर टीएचेच क्रँक होते. पुढे माउंटन बाइकची लाट आली, जपानी कंपन्यांनी लाखोंनी क्रँक काढले, आणि ४४-३२-२२ अशी जोडणी जगभर स्वस्तात मिळू लागली. टुरिंगवाल्यांनी जे उधार दिलं होतं ते व्याजासकट परत आलं. सनटूर या जपानी कंपनीचा तिरक्या समांतरभुजाचा मागचा डिरेलर १९६४चा. तो मोठ्या चकत्यांवर चेन नीट चढवी, पण पेटंट संपेपर्यंत इतरांना वापरता येईना. १९८०च्या दशकाच्या मध्यात शिमानो या दुसऱ्या जपानी कंपनीने तो आकार घेतला आणि त्याला टक्‌ टक्‌ आवाज करत एकेक गिअर बदलणारा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) जोडला.

याच वारशाची एक विनोदी बाजू नाशकाच्या बाजारात दिसते. शाळकरी मुलांना घेतात त्या साध्या ‘गिअरवाल्या’ सायकलीवर बहुधा ४२-३४-२४चा लोखंडी क्रँक आणि मागे १४ ते २८चं फ्रीव्हील असतं. २६ इंची चाकावर तिचा सर्वांत हलका गिअर साधारण २२ इंच येतो. लाखभराच्या शर्यतीच्या सायकलीचा ३३. सायकल जड, बेअरिंग सामान्य, वेल्डिंग ओबडधोबड, हे सगळं मान्य. पण ओझं घेऊन गड चढायचा असेल तर दाते त्या मुलाच्या बाजूने आहेत.

अलीकडची कथा उलट्या दिशेने जाते. २०१२ मध्ये स्रॅम या अमेरिकी कंपनीने पुढे एकच चेनरिंग आणि मागे १० ते ४२ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा जुडगा) असा संच आणला, आणि पाहता पाहता माउंटन बाइकवरून तीन चेनरिंग गायब झाल्या. मागच्या चकत्या वाढत ५१-५२ दात्यांपर्यंत गेल्या. पुढे ३८ आणि मागे ५१ म्हणजे वीस इंच, हलकेपणात काही कमी नाही. अडचण सपाटीवर आहे. पिंपळगाव ते चांदवडसारख्या लांब पट्ट्यात वाऱ्याविरुद्ध जाताना दोन गिअरमधलं अंतर फार पडतं : एकात पाय रिकामे फिरतात, पुढच्यात रुतून बसतात. २०१९ मध्ये शिमानोने ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या सायकलींसाठी ४६-३०चा दुहेरी क्रँकसेट काढला, तो मधला मार्ग. ३०च्या चेनरिंगला मागे ३४ दिले की साधारण २४ इंच. महामार्गावर मुक्काम करत हलक्या सामानाने जाणाऱ्याला तेवढं पुरेल. तंबू आणि भांडी घेऊन नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडावर जाणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

त्याला मी अजूनही तीन चेनरिंगचा, ४४-३२-२२ किंवा ४८-३६-२६चा, मागे नऊ चकत्यांचा म्हणजे नऊ गिअरचा संच सांगेन. कारण केवळ दात्यांचं नाही. शिमानोच्या नऊ गिअरपर्यंतच्या पिढीत रस्त्याच्या शिफ्टरवर माउंटन बाइकचा मागचा डिरेलर बिनतक्रार चालतो. दहा गिअरपासून केबलच्या ओढीचं प्रमाण बदललं आणि ही सोयरीक तुटली. शिवाय आठ-नऊ गिअरची चेन आणि कॅसेट तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळण्याची शक्यता असते, बारा गिअरची चेन नाशिक शहरातही आधी विचारून घ्यावी लागते. मोठी चेनरिंग ४८पेक्षा जास्त नको. ती फक्त उतारावर कामाला येते, आणि सामान लादलेली सायकल उतारावर पॅडल मारून पळवायची नसतेच. क्रँकच्या लांबीचा फार काथ्याकूट होतो. मध्यम उंचीच्या माणसाला १७० मिलिमीटर ठीक, गुडघे कुरकुरत असतील तर १६५.

चौरस दांड्याच्या बंद बॉटम ब्रॅकेटला (क्रँक ज्या दांड्यावर फिरतात त्याच्या बेअरिंगच्या जोडणीला) लोक जुनाट म्हणतात. पावसाळ्यात इगतपुरी-घोटीकडच्या रस्त्यावर जे पाणी आणि चिखल बेअरिंगमध्ये शिरू बघतो, त्याला ते बऱ्यापैकी तोंड देतं, आणि बदलायला एक खाचांचा पाना आणि क्रँक ओढायचं हत्यार पुरतं. बाहेरच्या बेअरिंगचा क्रँकसेट घ्यायचाच असेल तर सुट्या बेअरिंगची जोडी सामानात टाकून निघावं.