एक हजारांश सेकंदाचा उजेड

माझी भाची बॅडमिंटन खेळते. ती अकरा वर्षांची असताना तिच्या एका स्पर्धेचे मी दीड-दोनशे फोटो काढले. घरी आल्यावर ती ते बघत बसली आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशी, माझा हात कुठे गेला गं?" खरंच होतं ते. फटक्याच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत चेहरा नीट होता, बूट नीट होते, नेटच्या गाठी मोजता येत होत्या. पण उजव्या खांद्यापुढे हाताच्या जागी एक फिकट पट्टा होता आणि रॅकेट तर हवेत विरून गेली होती.

हॉलमध्ये दिवे भरपूर होते. मला सगळं लख्ख दिसत होतं. मग कॅमेऱ्यालाच का दिसू नये? या प्रश्नामागे मी बरीच लागले, आणि त्यातून प्रकाशाबद्दल जे कळलं ते मला कॅमेऱ्याच्या बटणांपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे हॉल उजळ नव्हताच. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर साधारण १,००,००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) इतका प्रकाश पडतो. मुलांचे सामने होतात त्या बऱ्याचशा बंदिस्त हॉलमध्ये तो २०० ते ५०० लक्सच्या आसपास असतो. ३०० धरला तरी उन्हाच्या मानाने तो तीनशेहून जास्त पट कमी झाला. आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा प्रकाश मोजत नाही, तो प्रकाशाशी जुळवून घेतो. बाहुली रुंदावते, पण त्यातून फार तर सोळा पटींची सोय होते. उरलेलं काम डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी आणि मेंदू मिळून करतात. दारातून आत आल्यावर काही मिनिटांतच आपण बाहेरचं ऊन विसरलेलो असतो. मोठ्या स्पर्धा टीव्हीवर दाखवायच्या असतात म्हणून तिथे दीड-दोन हजार लक्सपर्यंत उजेड पाडतात. त्या फोटोंसारखे फोटो आपले का येत नाहीत याचं निम्मं उत्तर छताला टांगलेलं असतं.

आता थोडा हिशोब. ३०० लक्सच्या हॉलमध्ये, लेन्सचं छिद्र एफ/२.८ इतकं मोठं उघडून आणि आयएसओ (मिळालेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा) १०० ठेवून फोटो काढायचा, तर शटर सेकंदाचा सोळावा भाग उघडं ठेवावं लागतं. धावणारं मूल सेकंदाला ५ मीटर जातं असं समजू. तेवढ्या वेळात ते ३१ सेंटिमीटर पुढे सरकलेलं असतं, म्हणजे एका चेहऱ्याच्या जागी दीड-दोन चेहऱ्यांइतका ओघळ. शटर १/१००० सेकंदावर नेलं की हीच सरक ५ मिलिमीटरवर येते. चौकटीत ५ मीटर रुंदीचा भाग बसत असेल आणि फोटो ६,००० पिक्सेल रुंद असेल, तर ५ मिलिमीटर म्हणजे सहा पिक्सेल. फोनच्या पडद्यावर तो जेमतेम एक पिक्सेल उरतो, नजरेला कळतही नाही.

भाचीच्या हाताचं कोडंही इथेच सुटलं. फटका मारताना तिचं धड जवळजवळ थांबलेलं असतं, पण हात सेकंदाला १०-१२ मीटरने फिरत असतो. माझं शटर १/१२५ वर होतं. तेवढ्यात चेहरा जागच्या जागी राहिला आणि हात आठ-दहा सेंटिमीटर अंतर कापून गेला. एकाच फोटोत स्थिर आणि हललेलं दोन्ही असू शकतं, कारण शरीराच्या प्रत्येक भागाचा वेग वेगळा असतो. शटल तर आणखी पुढचं. २०२३ साली सात्विकसाईराज रंकिरेड्डी यांच्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. त्या वेगाचं शटल १/१००० सेकंदातही १५ सेंटिमीटरहून जास्त जातं, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक. मुलांच्या खेळात वेग याहून पुष्कळच कमी, पण शटलच्या मागे थोडी शेपटी आली तर ती शेपटी मला आवडते. हात मात्र दिसायला हवा.

वेगाला थोपवायला उजेड लागतो हे फोटोग्राफीच्या सुरुवातीपासूनचं दुखणं आहे. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले आणि घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात हे दाखवून दिलं. त्यासाठी त्यांनी १२ कॅमेरे ओळीने मांडले, मागे पांढरा पडदा लावला आणि प्रखर ऊन वापरलं. हॉलमध्ये आपल्याकडे ते ऊन नाही.

मग १/१६ वरून १/१००० वर जायचं तर सुमारे ६४ पट उजेड आणायचा कुठून? आणता येत नाही. आयएसओ १०० वरून ६४०० केला की फोटो तितकाच उजळ दिसतो, पण सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, पडलेला प्रकाश ६४ पट घटलेलाच राहतो. कॅमेऱ्याने फक्त मिळालेल्या संकेताचा आवाज मोठा केलेला असतो. आणि मग फोटोत ते रवाळ दाणे दिसतात, ज्यांना सगळे आयएसओचा दोष समजतात.

दाणे आयएसओमुळे येत नाहीत. ते बहुतांशी प्रकाशाचेच असतात. मला हे या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं. प्रकाश सलग धारेसारखा येत नाही, तो सुट्या कणांनी, फोटॉननी येतो. पावसाची पहिली सर फरशीवर पडते तेव्हा बघावं. एका फरशीवर सात थेंब, शेजारच्या फरशीवर तीन, पलीकडे अकरा. पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय, तरी फरशा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. सर थोडी टिकली की सगळ्या सारख्या भिजतात. सेन्सरवरचे पिक्सेल या फरशांसारखे आहेत. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडत असतील, तर प्रत्यक्ष आकडा साधारण १० ने वरखाली होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० पडत असतील तर १०० ने वरखाली होतो, म्हणजे फक्त १ टक्का. संख्येच्या वर्गमुळाइतकी ही चलबिचल निसर्गातच आहे. कितीही महाग सेन्सर घेतला तरी ती जात नाही. आपण त्या दाण्यांत खरं तर फोटॉनची गणती बघत असतो.

एकदा हे समजलं की आयएसओची भीती निघून जाते. शटर आणि छिद्र तेच ठेवून आयएसओ ८०० वर काळपट फोटो काढला आणि नंतर संगणकावर उजळ केला, तर तो ६४०० वर काढलेल्या फोटोपेक्षा चांगला निघत नाही; सावलीच्या भागात बहुधा थोडा वाईटच निघतो, कारण सेन्सरमधून संकेत वाचताना होणारी इलेक्ट्रॉनिक खरखरही त्याच्याबरोबर मोठी होते. तरीही आयएसओ "फार वाढू नये" म्हणून शटर हळू ठेवणारे पालक मी प्रत्येक स्पर्धेत बघते आणि मला वाईट वाटतं. दाण्यांखाली चेहरा शाबूत असतो. हललेल्या फोटोत तो पुसला गेलेला असतो आणि कशानेही नीट परत येत नाही. या दोन्हींत निवड करायची वेळ आली की मी डोळे मिटून दाणे निवडते.

आता लेन्सकडे येऊ. लेन्सवर एफ/१.८ लिहिलेलं असतं ते गुणोत्तर आहे: फोकल लेंथला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) त्या आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. ८५ मिलिमीटरच्या एफ/१.८ लेन्सचं छिद्र ४७ मिलिमीटर, २०० मिलिमीटरच्या एफ/२.८ लेन्सचं ७१ मिलिमीटर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यावरही एफ/१.८ असतं, पण तिथे छिद्र असतं जेमतेम ४ मिलिमीटरचं. आपण एकाच जागी बसून एकाच मुलीचा फोटो काढत असू आणि शटरची वेळ सारखीच असेल, तर तिच्या चेहऱ्यावरून निघालेले किती फोटॉन कॅमेऱ्यात शिरतील हे या छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतं. ४ विरुद्ध ७१ म्हणजे तीनशेहून जास्त पटींचा फरक. फोन ही तूट भरून काढायला अनेक फोटो पटापट घेऊन एकमेकांवर बसवतो. ही युक्ती इमारतींवर, झाडांवर झकास चालते. उडी मारणाऱ्या मुलावर नाही, कारण प्रत्येक फोटोत ते वेगळ्या जागी असतं.

मोठी लेन्स महाग आणि जड असते. जवळ जाणं फुकट असतं. अंतर निम्मं केलं की त्याच छिद्रातून चेहऱ्याचे चौपट फोटॉन येतात. यात एक गंमत आहे: कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर काहीच बदललेलं दाखवत नाही, कारण चेहरा फोटोतही चौपट मोठा झालेला असतो आणि उजेड तेवढ्या जागेत पसरतो. पण त्या चेहऱ्यासाठी झालेली गणती चौपट असते, म्हणून दाणे निम्म्यावर येतात. परवानगी असेल तिथपर्यंत पुढे जाऊन बसणं हा माझ्या मते सगळ्यांत मोठा फायदा आहे.

उघड्या छिद्राची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. ८५ मिलिमीटर, एफ/१.८, मोठ्या म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, खेळाडू ८ मीटरवर: स्पष्ट दिसणारा पट्टा मागचा-पुढचा मिळून जेमतेम एक मीटर. सेकंदाला ५ मीटरने आपल्याकडे धावत येणारं मूल मधल्या बिंदूपासून पुढची कड सेकंदाच्या दहाव्या भागात ओलांडतं. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे "आता!" असं वाटेपर्यंत ते क्षेत्राबाहेर गेलेलं असतं. कॅमेऱ्याचा फोकस म्हणूनच नुसता मागे धावून पुरत नाही, त्याला अंदाज बांधावा लागतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा एकमेकींपासून किती सरकल्या आहेत ते तो पाहतो, त्यावरून अंतर, लागोपाठच्या अंतरांवरून वेग, आणि वेगावरून पुढच्या क्षणाची जागा काढतो. सतत फोकसचा पर्याय चालू नसेल तर हे सगळं बंद असतं.

दिव्यांची लुकलुक हा आणखी एक त्रास. विजेचा पुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असेल तर ट्यूबलाइट, मेटल हॅलाइड आणि साध्या बांधणीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/१००० सेकंदाच्या फोटोत त्या चढउताराचा एक तुकडाच येतो, म्हणून लागोपाठच्या दोन फोटोंत एक उजळ, एक पिवळट काळपट. सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने एकाच फोटोत आडवे पट्टे येतात. २०१४ साली कॅननच्या ईओएस ७डी मार्क २ या कॅमेऱ्यात दिव्याच्या तेजाचा क्षण गाठून मगच शटर उघडण्याची सोय आली; आता ती बऱ्याच कॅमेऱ्यांत असते आणि हॉलमध्ये ती चालू ठेवावीच. फ्लॅशने लुकलुक, अंधार, हलणं सगळंच एका झटक्यात मिटलं असतं. अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात क्षणमात्र चमकणाऱ्या दिव्यांनी गोळीचा वेगही गोठवून दाखवला. पण जिम्नॅस्टिक्सच्या बारवर तोल सांभाळणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत तो झोत मारणं चूक आहे, नियमात बसत असलं तरीही.

उरतो क्षण. सेकंदाला १० फोटो काढणारा कॅमेरा १/१००० वर असेल, तर एका सेकंदातला फक्त एक शतांश भाग तो पाहतो. उरलेल्या ९९ टक्के वेळात तो आंधळा असतो. तेव्हा बटण दाबून धरून नशिबावर सोडण्यापेक्षा कुठला क्षण सोपा आहे हे ओळखलेलं बरं. उडीचं गणित इथे मदतीला येतं: हवेतल्या एकूण वेळापैकी अर्धा वेळ शरीर उडीच्या वरच्या पाव उंचीतच असतं, कारण वर पोचताना वेग शून्याकडे जातो. ४० सेंटिमीटरची उडी सुमारे ०.५७ सेकंद टिकते, आणि त्यातले ०.२८ सेकंद वरच्या १० सेंटिमीटरमध्ये जातात. तिथे १/५०० सुद्धा पुरतं. झोके, वळणं, फेक, सगळ्यांत असा एक थांबा असतो. दिशा बदलते तिथे वेग मरतो. तो ओळखायला खेळ बघावा लागतो, आणि ज्या मुलाचा फोटो काढायचा ते नेमकं कसं खेळतं हेही.

पुढच्या स्पर्धेत मी कोर्टच्या मागच्या कोपऱ्याजवळ, अगदी खाली जमिनीवर बसले. जुन्या ८५ मिलिमीटर लेन्सवर एफ/१.८, शटर १/१२५०, आयएसओ ३२००, तिन्ही आकडे हाताने पक्के केलेले, म्हणजे मागच्या काळ्या पडद्याने मीटर फसायला नको. भाची फटका मारण्याआधी रॅकेट पाठीमागे सोडते आणि तिचा हात उलट फिरण्याआधी क्षणभर तिथे थबकतो, हे तोवर मला पाठ झालं होतं. त्या फोटोत मागची भिंत रवाळ आहे, कपाळावरही थोडे दाणे आहेत. ती जमिनीपासून वीतभर वर आहे, मुठीची पाचही बोटं मोजता येतात, आणि शटल अजून तारांपर्यंत पोचायचं आहे.