बाराचा पाढा आणि हृदयाचा उंबरठा

धावणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये नवा माणूस आला की त्याला आधी एक वजाबाकी शिकवतात. २२० मधून वय वजा करा, उरले ते तुमच्या हृदयाचे मिनिटाला कमाल ठोके. त्यांचे टक्के काढायचे आणि घड्याळात झोन, म्हणजे हलक्या-जड धावण्याचे ठोक्यांचे टप्पे, भरून टाकायचे. मीही भरले होते. वय ४६, म्हणजे कमाल १७४. पुढच्याच महिन्यात साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात मनगटावर १७८ दिसले. दम लागला होता, पण पाय चालू होते आणि दोन वळणं अजून बाकी होती. हिशेबाप्रमाणे मी तिथे आडवाच व्हायला हवा होतो.

हे सूत्र १९७१ च्या सुमाराचं. आधीच्या काही अभ्यासांतले आकडे आलेखावर मांडून त्यांतून अंदाजानं काढलेली ती एक रेघ होती. २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली: २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करा. सरासरी काढायला हे बरं आहे. पण एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज असू शकतो, आणि धावायला सरासरी जात नाही, आपण जातो.

शिवाय कमाल ठोके अचूक कळले तरी खरा प्रश्न सुटत नाही. लांब पल्ल्याच्या खेळाडूला हवा असतो तो उंबरठा, म्हणजे ज्या ठोक्यांच्या पुढे शरीर फार वेळ टिकत नाही ते ठोके.

स्नायू साखर जाळतात तेव्हा लॅक्टेट तयार होतं. बसल्या जागी एक लिटर रक्तात ते साधारण १ मिलीमोल असतं. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ते हळूच चढू लागतं, बहुतेकांत २ च्या आसपास. हा पहिला उंबरठा. त्याच्या खाली माणूस तासन्‌तास धावू शकतो. दुसरा उंबरठा साधारण ४ च्या जवळपास. तिथून पुढे तयार होणारं लॅक्टेट वापरलं जाणाऱ्या लॅक्टेटपेक्षा जास्त होतं आणि घड्याळ उलटं मोजू लागतं. हे २ आणि ४ काही दगडावरची रेघ नाहीत, माणसागणिक बदलतात. आणि जाता जाता, लॅक्टेटला उगाच खलनायक केलंय. हृदयाचा स्नायू ते आवडीनं इंधन म्हणून जाळतो. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्याच्याशी तर त्याचा संबंधच नाही, ते तासाभरात रक्तातून निघून गेलेलं असतं.

प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर दर तीन-चार मिनिटांनी वेग वाढवतात आणि कानाच्या पाळीतून किंवा बोटातून रक्ताचा थेंब घेतात. सुई न टोचता हे कळावं, म्हणून इटलीत फेरारा विद्यापीठातल्या फ्रान्चेस्को कॉनकॉनी यांनी १९८२ मध्ये एक युक्ती मांडली. मैदानावर दर २०० मीटरला वेग थोडा वाढवा आणि वेगासमोर ठोके मांडा. रेघ सरळ चढते आणि एका ठिकाणी वाकते. वाकली तो उंबरठा. सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेरनं जानेवारी १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ५१.१५१ किलोमीटर कापले, तेव्हा त्याच्यामागे कॉनकॉनींचा चमू होता. चाचणी जगभर गाजली. मोझेरनं पुढे कामगिरी वाढवण्यासाठी रक्त भरून घेतल्याचंही कबूल केलं, पण तो वेगळा विषय. चाचणीची खरी अडचण अशी की अनेकांची रेघ वाकतच नाही, आणि वाकली तरी नेमकी कुठे यावर दोन जाणकारांचं एकमत होत नाही.

म्हणून आज हौशी धावपटू अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांची साधी पद्धत वापरतात. चांगलं वॉर्मअप करून एकट्यानं तीस मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा कमाल वेगानं धावायचं. पहिली दहा मिनिटं सोडून द्यायची, कारण पाय वेग पकडतात पण हृदय मागून येतं. उरलेल्या वीस मिनिटांची सरासरी म्हणजे दुसऱ्या उंबरठ्याचे ठोके. बहुतेक जण सुरुवातीलाच सुसाट सुटतात आणि अठराव्या मिनिटाला गळपटतात. ती चाचणी बाद धरायची. छातीत दुखत असेल किंवा ठोके कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मनगटी घड्याळ इथे फसवतं. ते हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताची हालचाल वाचतं, आणि कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांच्या हादऱ्याचीच लय पकडतं. पावलं मिनिटाला १७०-१८०, उंबरठ्याचे ठोकेही त्याच घरातले, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. घाटातल्या १७८ वर माझा म्हणूनच विश्वास बसेना. छातीचा पट्टा ओला करून बांधला आणि पुन्हा चढलो. १८१ आले.

डिसेंबरच्या पहाटे मिळालेला आकडा मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. घाम जातो, रक्त त्वचेकडे वळतं, दर ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं आणि त्याच वेगाला ठोके चढत जातात. सायकलवरचा उंबरठाही धावण्यापेक्षा सहसा पाच-दहा ठोक्यांनी खाली असतो.

पहिल्या उंबरठ्यासाठी मी घड्याळ बघत नाही, बाराचा पाढा म्हणतो. ‘बारा साती चौऱ्याऐंशी’ एका दमात आलं तर खाली आहे. ‘बारा साती’ नंतर श्वास घ्यावा लागला की आलो उंबरठ्यावर. नुसतं ‘बारा’ निघालं, तर दुसराही जवळ आलाय. मैदानावर लोक वळून बघतात, त्याला इलाज नाही.

तीस मिनिटांच्या पहिल्या चाचणीत माझी सरासरी १६७ आली. दोन महिन्यांनी त्याच मैदानावर, त्याच पहाटेच्या वेळी १६८. घरी सांगितलं तर ‘एका ठोक्यासाठी एवढा आटापिटा?’ असं ऐकावं लागलं. फेऱ्या मात्र साडेचौदाच्या जागी पंधरा झाल्या होत्या.