बर्सर्क: ढाल चावणारी माणसं

रागाच्या भरात एखादा माणूस समोर दिसेल ते फोडत सुटला, की इंग्रजीत तो 'बर्सर्क' झाला म्हणतात. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पोरांना तर हा शब्द पाठच असतो. इंग्रजी वाचकांना त्याची ओळख झाली ती 1822 च्या सुमारास, वॉल्टर स्कॉटच्या 'द पायरेट' या कादंबरीतून. मूळ शब्द मात्र जुन्या नॉर्स भाषेतला, 'बेर्सेर्क्र'. ही व्हायकिंग या दर्यावर्दी लढवय्यांच्या काळातल्या (सुमारे आठवं ते अकरावं शतक) नॉर्वे-आइसलँडची भाषा.

यातल्या 'सेर्क्र'बद्दल वाद नाही. त्याचा अर्थ सदरा. भांडण आहे ते 'बेर'वरून. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं 1230 च्या सुमारास लिहून ठेवलं, की ओडिन देवाची माणसं, म्हणजे हे बर्सर्क योद्धे, चिलखताशिवाय लढायची, कुत्र्या-लांडग्यांसारखी पिसाळायची, स्वतःच्याच ढाली चावायची, आणि त्यांना ना आग बाधायची ना लोखंड. त्यावरून 'बेर' म्हणजे उघडा, असा अर्थ लावला गेला. एकोणिसाव्या शतकात स्वेनब्यॉर्न एगिल्सन या कोशकारानं त्याला आव्हान दिलं. त्याच्या मते 'बेर' म्हणजे अस्वल, आणि बर्सर्क म्हणजे अस्वलाचं कातडं सदऱ्यासारखं घालणारा.

'उघडा' हा अर्थ धरून बसलेले अभ्यासक अजूनही आहेत, पण पारडं अस्वलाकडे झुकलेलं आहे. हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो थोरब्यॉर्न हॉर्नक्लोफी या दरबारी कवीच्या काव्यात. इसवी सन 900 च्या आसपासचं हे काव्य नॉर्वेतल्या हाफ्रसफ्यॉर्डच्या लढाईवर आहे. त्यात बर्सर्क डरकाळ्या फोडतात आणि त्यांच्या जोडीला 'उल्फहेद्नार', म्हणजे लांडग्याचं कातडं पांघरलेले, कोल्हेकुई करतात. एका नावात लांडगा असेल, तर दुसऱ्यात अस्वल असणं ओघानंच आलं. शिवाय स्वीडनच्या ओलांड बेटावर टोर्सलुंडा इथं 1870 साली शिरस्त्राणांवरचे पत्रे ठोकण्याचे काशाचे चार ठसे मिळाले, सहाव्या-सातव्या शतकातले. त्यांतल्या एकावर लांडग्याच्या तोंडाचा, अंगावर कातडं असलेला भालाईत कोरला आहे. म्हणजे जनावराचं सोंग घेतलेल्या योद्ध्याची कल्पना व्हायकिंगांच्याही आधीची.

सागा, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्य कथा. त्यांतला बर्सर्क वाचताना जरा सांभाळून राहावं लागतं. या कथा तेराव्या-चौदाव्या शतकात ख्रिस्ती लेखकांनी लिहिल्या. हॉर्नक्लोफीकडे राजाचा निवडक सैनिक असलेला बर्सर्क इथं गावगुंड झालेला दिसतो. शेतकऱ्याच्या दारात येऊन 'मुलगी दे, नाहीतर द्वंद्वाला ये' म्हणणारा. ग्रेत्तिरच्या सागेत असाच एक जण घोड्यावर बसून ढालीची कड दातांत धरतो. ग्रेत्तिर खालून ढालीला लाथ हाणतो, ढाल तोंडात घुसते आणि जबडा फाटतो. प्रसंग झकास आहे, पण तो पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आता अळंबीची गोष्ट. बर्सर्क लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेली अमॅनिटा मस्कारिया ही विषारी अळंबी खाऊन पिसाळत, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ही कल्पना सॅम्युअल ओडमन या स्वीडिश धर्मपंडिताची, 1784 सालची. सैबेरियातले लोक ही अळंबी खातात असं त्यानं वाचलं आणि धागा जोडून टाकला. सागांत मात्र लढाईआधी कोणी अळंबी खाल्ल्याचं कुठंच येत नाही.

रसायनशास्त्रही तिच्या बाजूनं नाही. या अळंबीत आयबोटेनिक आम्ल असतं, ते मेंदूला उत्तेजित करतं. पण अळंबी वाळवली की त्यातलं बरंचसं आम्ल कार्बन डायऑक्साइड गमावून मस्किमॉल बनतं, आणि मस्किमॉल मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाची नक्कल करतं. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. मग मळमळ, तोल जाणं, स्नायू थडथडणं, भ्रम आणि शेवटी गाढ झोप. कधीकधी रोगी आरडाओरडाही करतो. पण ज्याला धड उभं राहता येत नाही, त्याला तलवारबाजी कुठली जमायला! मात्राही हाती राहत नाही, कारण प्रत्येक अळंबीत विषाचं प्रमाण वेगळं असतं.

2019 साली कार्स्टन फाटूर या संशोधकानं त्याऐवजी खुरासानी ओव्याचं नाव पुढं केलं. आपल्या धोतऱ्यात असतात तीच द्रव्यं, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन, यात असतात. त्यांनी वेदना बोथट होते, चेहरा लाल होतो, माणसं ओळखू येत नाहीत आणि रोगी अंगावरही धावून जातो. हे वर्णनाशी जास्त जुळतं. डेन्मार्कमध्ये फ्युरकाट इथल्या दहाव्या शतकातल्या एका स्त्रीच्या थडग्यात या वनस्पतीच्या बिया सापडल्यादेखील. पण ते थडगं योद्ध्याचं नव्हे. आणि धोतऱ्याची विषबाधा पाहिलेल्या डॉक्टरांना पुढची अडचण लगेच कळेल: बाहुल्या विस्फारून जवळचं धूसर दिसतं, तोंडाला कोरड पडते, घाम थांबून अंग तापतं आणि भ्रम तासन्‌तास उतरत नाही.

मुळात औषधाची गरज होती का, हाच प्रश्न आहे. आपल्याकडे जत्रेत हलगी घुमू लागली की अंगात येतं, तेव्हा कोणी काही खाल्लेलं नसतं. ताल, आरोळ्या, कातड्याचं सोंग आणि 'आता आपण अस्वल' ही पक्की समजूत एवढ्यानं माणूस भान हरपू शकतो. धोका समोर दिसताच अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, हृदय धडधडतं, यकृतातली साखर रक्तात येते आणि मेंदू वेदनेचे संदेश दाबून टाकतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरनं गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, तर सुमारे तीन-चतुर्थांश जणांना वेदनाशामक नकोच होतं. लोखंड न बाधणारी माणसं यातून समजू शकतात.

उतारही या चित्रात बसतो. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन काही मिनिटांतच निम्म्यावर येतं, आणि मग थकवा अंगावर कोसळतो. एय्रब्युग्या सागेत हाल्ली आणि लेइक्निर हे दोन बर्सर्क लाव्हारसाच्या खडकाळ माळातून वाट काढतात. झटका ओसरल्यावर अशी माणसं गळून जातात, असं कथाकार तिथं आवर्जून सांगतो. नेमक्या त्याच वेळी मालक त्यांना तापलेल्या न्हाणीघरात कोंडतो, दारात ओलं कातडं अंथरतो आणि घसरून पडल्यावर त्यांना मारतो. तो माळ आजही बेर्सेर्क्याह्राउन याच नावानं नकाशावर आहे.

आइसलँडच्या ग्रागास या जुन्या कायद्यात बर्सर्क होण्याची शिक्षा होती तीन वर्षांची हद्दपारी, आणि ती तिथं हजर असलेल्या पुरुषांनाही लागू होती. त्यांनी त्याला धरून आवरलं, तर सगळेच सुटत. पुन्हा तेच घडलं, तर मात्र सुटका नव्हती.