मंगळावरचा संगणक रीसेट का होत होता?

4 जुलै 1997 रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. फोटो येऊ लागले, सोजर्नर ही छोटी गाडी खडकांमधून फिरू लागली. मात्र हवामानाची मोजमापं सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत यानावरचा संगणक मध्येच स्वतःला रीसेट करायला लागला. असं झालं की त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं.

यंत्र ठणठणीत होतं. घोळ होता तो कामांच्या पाळ्यांचा.

यानावर प्रोसेसर एकच होता आणि कामं डझनावारी. असा प्रोसेसर एका क्षणी एकच काम करतो. तरी सगळं एकदम चालल्यासारखं वाटतं, कारण ऑपरेटिंग सिस्टिम कामांची झपाट्याने अदलाबदल करत असते. आपल्या संगणकात एक टायमर सेकंदाला शेकडो वेळा चालू प्रोग्रामला अडवून ताबा तिच्याकडे देतो. ती त्या प्रोग्रामच्या रजिस्टरमधले (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतले) आकडे आणि तो कुठवर आला होता ती जागा टिपून ठेवते, दुसऱ्याची जुनी नोंद भरते आणि त्याला सोडते. याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात. आपल्याला मध्ये थांबवलं होतं, याचा प्रोग्रामला पत्ताही नसतो. विंडोज 3.1 मध्ये ही सक्ती नव्हती. प्रोग्रामने आपणहून ताबा सोडायचा. एक अडकला की सगळंच ठप्प!

पाथफाइंडरवरच्या व्हीएक्सवर्क्स या सिस्टिममध्ये प्रत्येक कामाला प्राधान्य ठरवून दिलेलं होतं. वरचं काम तयार झालं की खालच्याने बाजूला व्हायचं. इथवर ठीक. पण काही माहिती कामांमध्ये सामायिक होती आणि तिला लॉक होतं, चाळीतल्या न्हाणीघराला आतून कडी असते तसं. आतला बाहेर येईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, मग तो कितीही मोठा असो.

हवामानाच्या कामाचं प्राधान्य अगदी खालचं. त्याने लॉक घेतलं. तेवढ्यात माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं वरच्या प्राधान्याचं काम आलं आणि लॉकपाशी थांबलं. मग मधल्या प्राधान्याची, लॉकशी काही देणंघेणं नसलेली कामं उगवली. त्यांनी हवामानाच्या कामाला बाजूला सारलं, त्यामुळे लॉक सुटेना. म्हणजे मधल्यांनी आपल्याहून महत्त्वाच्या कामालाच अडवून धरलं. ते काम वेळेत उरकलं का, हे सेकंदाला आठ वेळा तपासलं जायचं. उरकलेलं नाही म्हटल्यावर संगणक रीसेट.

पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर अभियंत्यांनी हा प्रकार पुन्हा घडवून पाहिला आणि कारण सापडलं. उपाय सिस्टिममध्येच होता, फक्त या लॉकसाठी बंद ठेवलेला: ज्याच्याकडे लॉक आहे, त्याला वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य तेवढ्यापुरतं उसनं द्यायचं. पृथ्वीवरून तेवढी एक सेटिंग बदलली आणि रीसेट थांबले. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही ही सोय 2006 मध्ये आली.

मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही हे रीसेट दिसले होते. पण पुन्हा करून पाहायला गेलं की घडत नव्हते, कारण तिन्ही कामं नेमक्या त्याच क्रमाने यावी लागत.